स्पिटफायरचे ब्रेक: परतवाड्यात बसून सुटे भाग कसे जुळवले

ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या कॅन्ली कारखान्यात १९६७ ते १९७० या काळात ती बनली. इंजिन १२९६ सीसीचं, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. अशी एक गाडी अचलपूर तालुक्यातल्या एका संत्रा-बागायतदाराच्या गोदामात खताच्या पोत्यांशेजारी बरीच वर्षं उभी होती. वडिलांनी हौसेनं मुंबईहून आणलेली. आता मुलाला ती रस्त्यावर आणायची होती. त्याचं मागणं एवढंच होतं: "चिखलदऱ्याला जाऊन यायचं आहे भाऊ, मंग बाकी काई नाई."

परतवाड्याहून चिखलदरा तीसेक किलोमीटर आणि उंची अकराशे मीटरच्या आसपास. चढायला इंजिन लागतं, उतरायला ब्रेक. इंजिन थोड्या खटपटीनं सुरू झालं होतं. ब्रेक नव्हते. नागपूर-अमरावतीत दोन-तीन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि सगळीकडून एकच उत्तर आलं होतं: याचे पार्ट मिळत नाहीत, मारुतीचे बसवा.

माझं परतवाड्यात लेथचं दुकान आहे. ट्रॅक्टर, थ्रेशर, पंप, जिनिंगच्या मशिनी, असंच काम जास्त. म्हणून ही गाडी माझ्याकडे आली ती एखादा भाग बनवून मिळेल का, या आशेनं. काम पुरं झाल्यावर हे सगळं लिहावंसं वाटलं, कारण "पार्ट मिळत नाही" हे आपल्याकडे फार लवकर म्हटलं जातं. नेमका कोणता पार्ट? ओतीव धातूचा, रबराचा, नळीचा, की घर्षणाच्या लायनरचा? या चौघांचे मिळण्याचे पत्ते वेगवेगळे आहेत. आणि त्यातलं काय आपल्या हातानं करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे भाग कोणत्या गाडीचा आहे यावर ठरत नाही. तो आत काय काम करतो यावर ठरतं.

तक्रार आणि ग्लासातलं पाणी

गाडी आली तेव्हा ब्रेक पॅडल दगडासारखं घट्ट होतं आणि मागचं उजवं चाक जाम होतं. ब्रेक लागत नाही ही तक्रार नेहमीची, पण इथं लागलेला ब्रेक सुटत नव्हता. आधीच्या कारागिरानं मागचं ड्रम ठोकून काढलं होतं, त्याची काठ थोडी दबलेली.

मी मास्टर सिलिंडरच्या (पॅडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या भागाच्या) टाकीतलं चमचाभर ऑइल एका काचेच्या ग्लासात पाण्यावर सोडलं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असेल तर पाण्यात मिसळून जातं. इथं वर पिवळट तवंग आला आणि तसाच राहिला, कडेला रंगांची झाक धरून. म्हणजे टाकीत कधीतरी कुणीतरी खनिज तेल ओतलं होतं, बहुधा ट्रॅक्टरचं. ट्रॅक्टरचे ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक खनिज तेलावरच चालतात, आणि ते तेल गावात कुठल्याही दुकानात मिळतं. कारच्या ब्रेकमधलं रबर मात्र ते सहन करत नाही. फुगतं, मऊ पडतं, आकार सोडतं.

मास्टर सिलिंडर उघडल्यावर तेच दिसलं. रबर फुगून बोरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीत, असं गच्च बसलं होतं की पॅडल सोडल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता आणि ऑइल टाकीत परतायची वाट उघडत नव्हती. ती वाट बंद राहिली की नळ्यांमधला दाब टाकीत परत जात नाही, आणि ब्रेक लागलेलेच राहतात. उजव्या मागच्या चाकाला शिवाय स्वतःचा गंजही होता, त्याचं पुढे येईल.

या निदानानं अर्धी खरेदी ठरवून टाकली. खनिज तेल एकदा फिरलं की ज्या ज्या रबराला ते लागलं ते सगळं बाद: मास्टर सिलिंडरचे कप, कॅलिपरच्या (पुढच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सीली, मागच्या चाकांतल्या सिलिंडरांचे कप, सगळे रबरी होज. एखादं चांगलं दिसतंय म्हणून ठेवायचं नाही. धातूच्या नळ्या आणि अंगं स्पिरिटनं धुवून घेतली, तवंग दिसेनासा होईपर्यंत.

मापं इंचातच घ्यायची

सगळे भाग धुतलेल्या पांढऱ्या फडक्यावर मांडले आणि एकेकाचं माप वहीत लिहिलं. इथं एक गोष्ट आग्रहानं सांगतो. ही गाडी इंचाची आहे. बोर मोजल्यावर मिलिमीटरमध्ये जवळच्या आकड्याला वळवायचा मोह होतो, तो टाळायचा. सिलिंडरचा बोर ५/८ इंच आहे की ०.७० इंच, हे डोळ्यांना कळत नाही, पॅडलखालच्या पायाला कळतं.

नळीच्या नटाचे आटे तर जास्त धोक्याचे. या गाडीवर ३/८ इंचाचे, इंचाला २४ आटे असलेले यूएनएफ (बारीक आट्यांच्या इंची पद्धतीचे) नट आहेत. आजच्या आपल्या बऱ्याचशा गाड्यांवर १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, आणि २४ आट्यांचं पिच सुमारे १.०६ मिलिमीटर. फरक इतका थोडा की जुना इंची नट नव्या मेट्रिक भोकात सहज जातो, थोडा आवळल्यासारखाही वाटतो. दाब आला की आटे सोडतो. उलट बाजूनं मेट्रिक नट इंची भोकात शिरतच नाही, तेव्हा निदान चूक लगेच कळते. "आटे बसले ना, मंग झालं" असं म्हणणाऱ्याच्या हातून हे काम करून घेऊ नये. आटे मोजायचा गेज फार महाग नसतो.

नळी मात्र सोपी निघाली. मूळ ३/१६ इंचाची, म्हणजे ४.७६ मिलिमीटर, आणि नागपूरच्या बाजारात मिळणारी ४.७५ मिलिमीटरची ब्रेक पाईप व्यवहारात तीच. जुने नट साफ करून पुन्हा वापरले. आतल्या बैठकीचा आकार पाहून त्याप्रमाणे टोकं फ्लेअर केली, म्हणजे पसरवून घेतली. ब्रेकची बहुतेक सगळी लांब नळी अशी इथंच झाली.

मागचे ड्रम: मद्रासची चुलत भावंडं

मागच्या ब्रेकची गोष्ट मला या कामात सगळ्यात जास्त भावली. स्पिटफायर ही काही मुळातून नवी गाडी नव्हती. १९५९ साली आलेल्या ट्रायम्फ हेराल्डची चेसिस आखूड करून तिच्यावर इटालियन डिझायनर मिकेलोत्तीनं आखलेली बॉडी बसवली आणि १९६२ मध्ये स्पिटफायर बाजारात आणली. आणि हेराल्ड तर आपल्याकडे बनत होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून ती स्टँडर्ड हेराल्ड या नावानं विकली. आमच्या भागातल्या वकील-डॉक्टरांच्या पिढीला ती चांगली आठवते.

दोन्ही गाड्यांचा मागचा ब्रेक एकाच घराण्यातला: ७ इंचाचा ड्रम, सव्वा इंच रुंदीचे शू (ड्रमला आतून दाबणारे तुकडे), गर्लिंग या इंग्रजी ब्रेक-कंपनीचं काम. त्यात भर म्हणजे ब्रेक्स इंडिया ही कंपनी १९६२ मध्ये टीव्हीएस आणि इंग्लंडच्या गर्लिंगच्या भागीदारीतून मद्रासलाच उभी राहिली. म्हणजे ज्याला आपण "फॉरेनचा पार्ट" म्हणून हात जोडत होतो, त्याचं जवळचं नातं आपल्याच देशातल्या जुन्या मालाशी होतं. दुकानदाराला "स्पिटफायर" म्हटलं की तो नाही म्हणतो. "स्टँडर्ड हेराल्डचं मागचं व्हील सिलिंडर" म्हटलं की म्हातारा मालक शिडी मागवतो.

नागपुरात एका जुन्या दुकानात शू मिळाले, लायनर उडालेले. सिलिंडरं चेन्नईहून आली, तिथल्या जनरल पॅटर्स रोडच्या बाजारात बागायतदाराच्या भाच्यानं फिरून शोधली. त्याला मी फोटो पाठवले होते ते स्टीलची पट्टी शेजारी ठेवून, मागच्या बाजूला ओतलेले आकडे खडूनं घासून वाचता येतील असे. सोबत बोरचं माप लिहून दिलं आणि सांगितलं, "बाप्पा, खोक्यावरच्या नावावर जाऊ नको, बोर मोजून घे." हेराल्डच्या नावाखाली एकापेक्षा जास्त बोरची सिलिंडरं चालत आली आहेत, म्हणून हा आग्रह.

डबाबंद, कधी न वापरलेला जुना माल हातात आला की माणूस हरखतो. ते स्वाभाविक आहे, सिलिंडरांचं अंग खरोखरच सुंदर होतं, बोर आरशासारखा. पण आतलं रबर त्या डब्यातच म्हातारं झालेलं असतं. नखानं दाबलं तर खाच तशीच राहते, वाकवलं तर काठाला बारीक चिरा दिसतात. डबाबंद सिलिंडराचा धातू घ्यावा आणि रबर फेकावं. हा नियम मी कुणासाठीही मोडणार नाही.

शूंना लायनर अमरावतीत बसवून घेतले. ट्रक-बसचे शू रोज लायनिंग करणारे कारागीर आहेत, त्यांना ७ इंचाचा शू हातात घेऊन मौज वाटली. बिनअ‍ॅस्बेस्टॉसचा माल मागितला. ड्रमची दबलेली काठ काढून आतून एक हलका हात फिरवला आणि लायनर त्या ड्रमच्या गोलाईला घासून जुळवले. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचीच शक्यता जास्त, त्यामुळे ड्रम उघडताना हवेचा पाईप मारू नये. पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसावं, तोंडाला मास्क लावावा. आमच्याकडे हवा मारायची सवय फार पक्की आहे.

काय लेथवर होतं, काय होत नाही

पुढच्या कॅलिपरचे पिस्टन गंजून खड्डे पडलेले होते. इथं नीट विचार करायला हवा. गर्लिंगच्या या कॅलिपरमध्ये चौकोनी काटछेदाची सील कॅलिपरच्या अंगातल्या खाचेत बसते आणि पिस्टन तिच्यातून सरकतो. म्हणजे ऑइल अडवायचं काम पिस्टनच्या बाहेरच्या पृष्ठभागावर होतं. कॅलिपरच्या भिंतीवर एखादा बारीक डाग असला तरी चालून जातं, पिस्टनवर चालत नाही. आणि पिस्टन म्हणजे शेवटी एक वाटीसारखा गोल तुकडा. तो लेथवर होतो.

पिस्टन स्टेनलेस स्टीलच्या ३०४ दांड्यावरून केले. जुन्याची जी जागा घासली गेली नव्हती तिथं मायक्रोमीटर लावून माप घेतलं, मी थोडं जास्त ठेवून टर्न केलं, आणि शेवटचा हात नागपूरला हिंगणा एमआयडीसीत ग्राइंडिंगवर मारून घेतला. लेथच्या टूलच्या रेघा पिस्टनवर राहिल्या तर सील त्यांच्यावर झिजते. ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे ओढायचं कामही तीच सील करते, आपल्या पिळाच्या जोरावर. म्हणून ही चकाकी दिखाव्यासाठी नाही.

मास्टर सिलिंडर आणि मागच्या सिलिंडरांचं उलट आहे. तिथं रबर कप पिस्टनबरोबर पुढेमागे फिरतो आणि बोरच्या भिंतीवर घासतो. पिस्टन कितीही नवा करा, बोरला खड्डा असेल तर कप तिथं फाटणार. आमच्या मास्टर सिलिंडरच्या बोरला नेमकं जिथं पॅडल रोज थांबतं तिथं खड्डे होते. होन करून, म्हणजे आतून घासून, घालवायचे तर माप वाढतं. स्टेनलेसची बाही बसवून पुन्हा मूळ मापाला आणता येतं, आणि मला ते येतं. मागच्या सिलिंडराला नाइलाज असता तर मी केलंही असतं. पण या गाडीचा ब्रेक एकेरी आहे. एकच मास्टर, एकच जोडणी, चारही चाकांचा जीव तिच्यात. घाटात ते एक सुटलं तर हातब्रेकशिवाय काही उरत नाही. म्हणून मालकाला सांगितलं की पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, मास्टर नवाच मागवू.

नाकारलेले तीन उपाय

गावात मदतीला माणसं लगेच येतात, आणि तिघांनी तीन उपाय सुचवले. तिघांचाही हेतू चांगला होता.

पहिला, होजचा. परतवाड्यात जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक होज मापानं दाबून देणारी दुकानं आहेत, दाब सोसण्यात त्या ब्रेकच्या होजच्याही पुढे. मग त्याच का नाही? कारण त्यांच्या आतलं रबर बहुतेक नायट्राईलचं असतं. ते खनिज तेलासाठी केलेलं, ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये टिकत नाही. आतून सुटलेला पापुद्रा झडपेसारखा वागतो: पायाच्या जोरानं ऑइल चाकाकडे जातं, परत येत नाही. टाकीत ट्रॅक्टरचं तेल ओतण्याच्या चुकीचीच ही दुसरी बाजू आहे. ट्रॅक्टरचं जग आणि कारच्या ब्रेकचं जग रबराच्या बाबतीत वेगळं आहे, आणि आपल्या गावांत दोन्ही एकाच फळीवर मांडलेली असतात.

दुसरा, फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी. वाकवायला सोपी, गंजत नाही. पण साधं तांबं सततच्या कंपनानं कडक होत जातं आणि नटाच्या मागे तडकतं. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची ब्रेक पाईप वेगळी, ती चालते. पिवळसर लाल रंगाची फ्रिजची नाही.

तिसरा उपाय मारुतीच्या मास्टर सिलिंडरचा, बूस्टरसकट (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागासकट). दुहेरी जोडणी मिळेल हा मुद्दा खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. पण बोर बदलला की सगळं गणित बदलतं. ५/८ इंचाच्या जागी ३/४ इंचाचा बोर घातला तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तेवढाच दाब मिळवायला पायाला ४४ टक्के जास्त जोर. म्हणून मग बूस्टर हवा, बूस्टरला जागा हवी, जागेसाठी पत्रा कापायला हवा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली, नंबरात "व्हीए" अक्षरं असलेली. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा ही तिची अट. मालकाला पुढे ती नोंदणी करायची आहे. पत्रा कापायचा विषय तिथंच मिटला.

सातासमुद्रापारचं खोकं

शेवटी बाहेरून मागवायचं ते थोडंच उरलं: मास्टर सिलिंडर, सगळ्या सीली आणि कप, होज, पुढचे पॅड. इंग्लंडमध्ये ट्रायम्फच्या सुट्या भागांचा धंदा आजही जोरात आहे, लिंकनजवळच्या रिमर ब्रदर्ससारखी मोठी दुकानं त्यावर चालतात. तिथं मॉडेलचं वर्ष सांगून भागत नाही, कमिशन नंबर, म्हणजे गाडीचा कारखान्यातला क्रमांक, सांगावा लागतो. मार्क ३ चा तो "एफडी" या अक्षरांनी सुरू होतो. कॅलिपरवर ओतलेला टाइपही कळवला, कारण स्पिटफायरच्या वेगवेगळ्या मार्कांना कॅलिपर वेगळे आणि पॅडही त्याप्रमाणे.

दोन गोष्टी आधी करून ठेवल्या. ज्याच्या नावावर खोकं येणार त्याची केवायसी कागदपत्रं कुरिअरकडे तयार ठेवली, नाहीतर माल कस्टममध्ये अडून राहतो. आणि सगळं एकाच खोक्यात मागवलं. रबराचे कप स्वतः महाग नाहीत, वाहतूक, ड्युटी आणि कुरिअरचा आकार महाग पडतो. एक किट विसरलं तर तो सगळा खर्च दुसऱ्यांदा. म्हणून भाग खोलून, मोजून, पूर्ण यादी होईपर्यंत ऑर्डर द्यायची नाही. आधी ऑर्डर आणि मग गाडी खोलणं, हा उलटा क्रम मी बऱ्याच हौशी मंडळींत पाहतो.

जोडणी आणि घाट

मागचं व्हील सिलिंडर एकाच पिस्टनचं आहे, आणि ते बॅकप्लेटच्या खाचेत सरकायला हवं. पिस्टन एका शूला ढकलतो, आणि प्रतिक्रियेनं सिलिंडर स्वतः मागे सरकून दुसऱ्या शूला. खाच गंजली की एकच शू काम करतो. उजव्या चाकाचा मूळ गंज इथंच होता. खाच घासून साफ केली, पातळ ग्रीस लावलं, सिलिंडर बोटानं हलतं हे पाहिलं.

रबर बसवताना फक्त ताजं ब्रेक ऑइल लावलं, ग्रीस नाही. ऑइल डॉट ४ घेतलं. कोरडं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सियस, पाणी शोषल्यावर किमान १५५. ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून लहान बाटल्या घेतल्या आणि उघडलेली उरलेली टाकून दिली. नळ्यांतली हवा काढायला मालकाची बहीण पॅडलवर बसली, "दाबा ताई, धरून ठेवा" म्हणत मी एकेक चाक केलं.

आधी बागेतल्या कच्च्या वाटेवर, मग अंजनगावच्या रस्त्यावर पॅड आणि लायनर बसू दिले. नंतर घाट, पण अर्धाच. उतरून चारही चाकांचं तापमान इन्फ्रारेड गननं पाहिलं. उजवं मागचं डाव्यापेक्षा स्पष्टपणे थंड. ड्रम उघडल्यावर कळलं की बॅकप्लेटला दिलेल्या नव्या रंगाचा थर खाचेच्या काठावर जाड बसला होता आणि गरम झाल्यावर सिलिंडर तिथं अडत होतं. काठावरचा रंग खरवडून धातू उघडा केला. पुढच्या उतरणीला दोन्ही बाजू सारख्या तापल्या, आणि पॅडल खाली आल्यावरही वर जाताना होतं तितकंच उंच राहिलं. त्यानंतरच मालकाला पूर्ण चिखलदऱ्याची परवानगी दिली, तीही दुसऱ्या गिअरमध्ये उतरायच्या अटीवर.

नव्या होज बसवल्याची तारीख टाकीच्या शेजारी पत्र्यावर पेंटनं लिहिली आहे. पुढच्या डिस्क मॅन्युअलमधल्या किमान जाडीच्या जवळ आल्या आहेत. त्यांना टर्निंगचा आणखी एक हात सोसणार नाही, म्हणून पुढच्या खोक्यात त्या येतील. पावसाळ्यानंतर मागचे दोन्ही ड्रम पुन्हा उघडून खाचा पाहायच्या आणि ऑइल बदलायचं, असं ठरलं आहे.